लोकसभा आणि राज्यसभा: पक्षाची पकड कुठे जास्त?

डिसेंबर २०१९. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक संसदेत होते. ९ डिसेंबरला रात्री उशिरा लोकसभेत मतदान झाले आणि ३११ विरुद्ध ८० मतांनी विधेयक मंजूर झाले. शिवसेनेच्या खासदारांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले. ११ डिसेंबरला तेच विधेयक राज्यसभेत आले आणि १२५ विरुद्ध १०५ मतांनी मंजूर झाले. या वेळी शिवसेनेच्या खासदारांनी मतदानात भागच घेतला नाही.

विधेयक एकच, पक्ष एकच आणि मध्ये जेमतेम दोन दिवस. मग राज्यसभेतले शिवसेना खासदार लोकसभेतल्या सहकाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते का? तसे म्हणता येणार नाही. दोन्ही वेळा खासदार पक्षाच्या भूमिकेनुसार वागले. दोन दिवसांत बदलली ती पक्षाची भूमिका. त्याआधी पंधरवडाही झाला नव्हता, तोवर उद्धव ठाकरे काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले होते.

राज्यसभेला आपण ‘ज्येष्ठांचे सभागृह’ म्हणतो. तिथले सदस्य पक्षापलीकडे जाऊन विचार करतात, असा समज आहे. हा समज कितपत खरा आहे आणि दोन सभागृहांत पक्षनिष्ठेच्या बाबतीत नेमका फरक काय, ते समजून घेऊ.

पक्षनिष्ठा मोजतात कशी?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मतदानाची नोंद पाहणे. एखाद्या पक्षाचे किती सदस्य पक्षाच्या भूमिकेसोबत गेले आणि किती विरोधात गेले, हे मोजायचे. सगळेच सोबत गेले तर पक्षाची पकड घट्ट. बरेच जण वेगळे गेले तर पकड सैल.

भारतात इथेच पहिली अडचण येते. संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘बाजूने असतील त्यांनी हो म्हणावे, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावे’ असे पीठासीन अधिकारी विचारतात आणि कोणता आवाज मोठा, ते ठरवतात. कोणी काय म्हटले याची नावानिशी नोंद होत नाही. एखाद्या सदस्याने या निर्णयाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तरच बटण दाबून किंवा चिठ्ठीने मतदान होते आणि प्रत्येकाचे मत नोंदले जाते. घटनादुरुस्तीसाठी मात्र विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे मतविभागणी होतेच.

सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयके दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झाली. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, पण सदस्य आपल्या जागेवर नव्हते आणि सभागृहात गोंधळ होता, असे कारण पीठाकडून दिले गेले. विरोधकांना ते मान्य नव्हते. दुसऱ्या दिवशी गोंधळाच्या कारणावरून आठ सदस्यांचे निलंबन झाले. वाद कोणत्याही बाजूने पाहा, परिणाम एकच: देशभर आंदोलन पेटवणाऱ्या कायद्यांवर कोणत्या खासदाराने काय मत दिले, याची नावानिशी नोंद नाही.

दोन सभागृहांची घडण

लोकसभेत ५४३ सदस्य. सगळे थेट लोकांमधून पाच वर्षांसाठी निवडून येतात. महाराष्ट्राचे ४८, गोव्याचे २.

राज्यसभेत सध्या २४५ जागा. त्यातले २३३ सदस्य राज्यांच्या आणि काही केंद्रशासित प्रदेशांच्या विधानसभेतले आमदार निवडतात आणि १२ जणांना राष्ट्रपती नियुक्त करतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा, गोव्याला १. मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही.

या घडणीमागे विचार असा होता की लोकसभेत जनमताची लाट उमटेल आणि राज्यसभा थोडी थांबून पुन्हा विचार करेल. सहा वर्षे मुदत म्हणजे लगेच निवडणुकीची भीती नाही. मतदारसंघाचा रोजचा रेटा नाही. कागदावर पाहिले तर हा सदस्य अधिक मोकळा असायला हवा.

पण याची दुसरी बाजूही आहे. लोकसभेच्या खासदाराकडे स्वतःचा मतदारसंघ असतो. पक्षाने तिकीट नाकारले तरी तो अपक्ष उभा राहून लोकांकडे जाऊ शकतो. राज्यसभेच्या सदस्याला निवडतात ते आमदार आणि आमदार मत देतात ते पक्ष सांगेल त्याला. म्हणजे त्याची पुढची सहा वर्षे पक्षनेतृत्वाच्या हाती. २००३ मध्ये कायदा बदलून, उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असावा ही अटही काढली गेली. त्यामुळे राज्याशी असलेला धागा आणखी सैल झाला आणि पक्षाशी असलेला घट्ट.

व्हिप मोडला तर काय होते?

मोठ्या पक्षांचा दोन्ही सभागृहांत एक प्रतोद असतो. महत्त्वाच्या मतदानाआधी तो पक्षादेश, म्हणजेच व्हिप काढतो. सर्वांत कडक तो तीन ओळींचा व्हिप: हजर राहा आणि पक्ष सांगेल तसेच मत द्या.

१९८५ पर्यंत हा आदेश मोडला तर पक्ष फार तर हकालपट्टी करू शकत असे. खासदारकी शाबूत राही. पण १९६७ नंतर पक्षांतराचे पेव फुटले. हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. हाच पक्षांतरबंदी कायदा.

या कायद्यानुसार सदस्यत्व दोन कारणांनी जाऊ शकते. एक, सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला तर. दोन, त्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदान टाळले आणि पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले नाही तर. पूर्वी एकतृतीयांश सदस्य फुटले तर संरक्षण मिळे. ती पळवाट २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने बंद केली. आता दोनतृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला मान्यता दिली तरच संरक्षण आहे.

आपल्या विषयासाठी कळीचा मुद्दा हा: हा कायदा लोकसभा आणि राज्यसभा या दोन्हींना सारखाच लागू आहे. निकाल लोकसभेत अध्यक्ष देतात आणि राज्यसभेत सभापती, म्हणजे उपराष्ट्रपती. डिसेंबर २०१७ मध्ये सभापती व्यंकय्या नायडू यांनी संयुक्त जनता दलाचे शरद यादव आणि अली अन्वर यांचे राज्यसभा सदस्यत्व रद्द केले. त्यांनी सभागृहात आदेशाविरुद्ध मत दिले नव्हते. पक्षाच्या भूमिकेविरुद्ध जाऊन विरोधकांसोबत उभे राहणे म्हणजेच स्वेच्छेने पक्ष सोडणे, असे मानले गेले.

राष्ट्रपतींनी नियुक्त केलेल्या सदस्यांना थोडी सवलत आहे. त्यांना शपथेनंतर सहा महिन्यांच्या आत एखाद्या पक्षात जाता येते. त्यानंतर गेले तर सदस्यत्व जाते. जे कोणत्याच पक्षात जात नाहीत, त्यांच्यावर कोणाचाच व्हिप चालत नाही. राज्यसभेत अपक्ष सोडले तर व्हिपबाहेरचा गट एवढाच.

महिला आरक्षणाची दोन मतदाने

पकड किती घट्ट आहे, ते एका उदाहरणात दिसते. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मताने मंजूर झाले. विरोधातले ते एकमेव मत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचे होते. जोशी स्वतंत्र भारत पक्षाचे राज्यसभेतले एकटे सदस्य होते. म्हणजे पक्षही तेच आणि आदेश देणारेही तेच. विधेयक नको असलेल्या इतर पक्षांनी गोंधळ, सभात्याग किंवा अनुपस्थितीचा मार्ग घेतला, तोही पक्ष म्हणूनच.

ते विधेयक पुढे लोकसभेत मंजूर झालेच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे विधेयक आले. लोकसभेत ते ४५४ विरुद्ध २ मतांनी आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाले. लोकसभेतली विरोधातली दोन मते असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची. एमआयएमचे लोकसभेत तेव्हा तेवढे दोघेच होते.

२०१० आणि २०२३ ची मतदाने मिळून विरोधात पडली तीन मते. त्यातले एकही मत पक्षाशी फारकत घेऊन दिलेले नव्हते. आणि हे त्या विषयावर, ज्यावर अनेक पक्षांच्या आत वर्षानुवर्षे कुजबुज होती.

मग राज्यसभेत वेगळे काय घडते?

राज्यसभा सरकारला अडवते हे खरे आहे. पण ते सदस्य पक्ष सोडून विचार करतात म्हणून नव्हे, तर तिथले संख्याबळ वेगळे असते म्हणून. लोकसभा एका निवडणुकीत बदलते. राज्यसभा हळूहळू बदलते आणि राज्याराज्यांतल्या निवडणुकांवर अवलंबून असते. त्यामुळे लोकसभेत बहुमत असलेले सरकार राज्यसभेत अल्पमतात असू शकते.

२००२ मध्ये वाजपेयी सरकारचे दहशतवाद प्रतिबंधक विधेयक, म्हणजे पोटा, लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेने ते ११३ विरुद्ध ९८ मतांनी फेटाळले. मग दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेऊन ४२५ विरुद्ध २९६ मतांनी ते मंजूर केले गेले. विधेयकासाठी अशी बैठक आजवर तीनदाच झाली आहे: १९६१, १९७८ आणि २००२.

वस्तू आणि सेवा कराच्या घटनादुरुस्तीचेही असेच. मे २०१५ मध्ये लोकसभेने ती मंजूर केली, पण राज्यसभेत ती प्रवर समितीकडे गेली. वाटाघाटी झाल्या आणि राज्यांमधील व्यापारावरचा प्रस्तावित एक टक्का जादा कर वगळला गेला. ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने ती २०३ विरुद्ध ० मतांनी मंजूर केली. कायदा बदलला, पण तो पक्षांमधल्या वाटाघाटींतून.

सरकारकडे राज्यसभेला वळसा घालायचा मार्गही असतो. धनविधेयकावर राज्यसभा फक्त शिफारस करू शकते, तीही चौदा दिवसांत. २०१६ मध्ये आधार विधेयक धनविधेयक म्हणून आले. राज्यसभेने दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्या फेटाळल्या.

पक्षाने स्वतःच दोर सैल सोडला, तर काय होते? एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झाले. राज्यसभेतल्या बिजू जनता दलाने व्हिप न काढता सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्यास सांगितले. पुढचे अनेक दिवस पक्षात यावरच वाद झाला. आपल्याकडे खासदाराने स्वतःच्या विचाराने मत द्यावे, हीच बातमी ठरते.

अमेरिकेत फरक दिसतो, कारण…

अमेरिकेच्या संसदेतही दोन सभागृहे आहेत: ४३५ सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि १०० सदस्यांचे सिनेट. तिथेही व्हिप असतो, पण तो मोडला म्हणून कोणाची जागा जात नाही. त्यामुळे तिथे दोन सभागृहांची तुलना सदस्यागणिक करता येते.

जानेवारी २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग आला. प्रतिनिधिगृहातल्या २११ रिपब्लिकन सदस्यांपैकी १० जणांनी महाभियोगाच्या बाजूने मत दिले, म्हणजे सुमारे ५ टक्के. फेब्रुवारीत सिनेटमधल्या ५० रिपब्लिकनांपैकी ७ जणांनी त्यांना दोषी ठरवण्याच्या बाजूने मत दिले, म्हणजे १४ टक्के. त्याच वर्षी पायाभूत सुविधांच्या विधेयकाला सिनेटमध्ये १९ रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला. प्रतिनिधिगृहात हा आकडा १३ होता, तोही चौपटीहून मोठ्या गटातून.

असे का होते? सिनेटर संपूर्ण राज्यातून सहा वर्षांसाठी निवडून येतो. त्याला सगळ्या प्रकारच्या मतदारांना सांभाळावे लागते. प्रतिनिधिगृहाचा सदस्य लहान मतदारसंघातून दर दोन वर्षांनी निवडून येतो. अनेक मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले असतात, त्यामुळे खरी भीती असते ती पक्षांतर्गत उमेदवार निवडणुकीची. शिवाय सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मते लागतात. त्यामुळे दुसऱ्या पक्षाशी बोलणे भाग पडते.

किंमत तिथेही मोजावी लागते. महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या लिझ चेनी २०२२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या. पण तो निकाल मतदारांनी दिला, सभागृहाच्या अध्यक्षांनी नव्हे. दोन-तीन मतदानांवरून नियम ठरत नाही आणि गेल्या काही दशकांत सिनेटही अधिकाधिक पक्षीय झाले आहे. तरी सभागृहाची घडण सदस्याच्या वागण्यावर परिणाम करते, हे तिथे दिसू शकते. आपल्याकडे व्हिपने तो फरक पुसून टाकला आहे.

गुप्त मतदानात काय होते? जून २०२२ चा महाराष्ट्र

व्हिप आणि उघड मतदानाने झाकलेली नाराजी कधी कधी बाहेर येते. महाराष्ट्रात १० जून २०२२ रोजी राज्यसभेची निवडणूक झाली. हे मतदान खुले असते: आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. ही पद्धत २००३ मध्ये आली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. भाजपचे १०६ आमदार असताना त्यांच्या उमेदवारांना पहिल्या पसंतीची १२३ मते मिळाली. सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक जिंकले आणि शिवसेनेचे संजय पवार हरले. अपक्ष आणि छोट्या पक्षांची मते इथे मोलाची ठरली.

दहाच दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेची निवडणूक झाली. आमदार तेच, पण हे मतदान गुप्त असते. भाजपच्या उमेदवारांची मते १३४ वर गेली. त्यांचे पाचही उमेदवार निवडून आले आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेकडे निघाले.

राज्यसभेच्या निवडणुकीतल्या मताला पक्षांतरबंदी कायदा लागू होत नाही, कारण ते सभागृहाचे कामकाज मानले जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात काँग्रेसच्या सहा आमदारांनी भाजपच्या उमेदवाराला मत दिले. सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला आणि चिठ्ठीने भाजपचे हर्ष महाजन विजयी झाले. त्या सहा जणांची आमदारकी दोन दिवसांत गेली, पण कारण वेगळे होते: अर्थसंकल्पाच्या वेळी त्यांनी व्हिप पाळला नव्हता.

व्हिपला मर्यादा घालावी का?

बाजू दोन आहेत. व्हिप नसेल तर घोडेबाजार होईल, सरकारे आठवड्याला पडतील आणि मतदाराने ज्या पक्षाकडे पाहून मत दिले त्याची फसवणूक होईल, असे एका बाजूचे म्हणणे. व्हिप प्रत्येक विधेयकाला लावला तर चर्चेलाच अर्थ उरत नाही, खासदार फक्त हात वर करण्यापुरता राहतो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे.

१९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवले होते की व्हिप मोडल्याबद्दल अपात्रता फक्त विश्वास किंवा अविश्वास ठरावापुरती ठेवावी. १९९९ मध्ये विधी आयोगानेही, सरकार धोक्यात असेल तेव्हाच व्हिप काढावा, असे म्हटले. काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी याच दिशेने खासगी विधेयक मांडले आहे. कायदा मात्र बदललेला नाही.

राज्यसभेबाबत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. तिथे अविश्वास ठराव येतच नाही, कारण सरकार फक्त लोकसभेला जबाबदार असते. राज्यसभेतल्या मताने सरकार पडू शकत नाही. मग सरकारच्या स्थैर्यासाठी म्हणून तिथल्या सदस्यावर व्हिपचे बंधन का असावे, याला पटणारे उत्तर देणे कठीण आहे.

‘तुमच्या खासदाराने काय केले’ ही पोस्ट शेअर करण्याआधी

• मतविभागणी झाली होती का? आवाजी मतदान असेल तर कोणाचेही नाव घेऊन केलेला दावा तपासता येणार नाही.

• सभागृह कोणते? एकाच पक्षाची भूमिका दोन सभागृहांत वेगळी असू शकते.

• व्हिप होता का? असेल तर ते मत खासदाराचे कमी आणि पक्षाचे जास्त. प्रश्न पक्षालाच विचारा.

• विरोध, तटस्थता, सभात्याग की अनुपस्थिती? हे चारही वेगळे आहेत. राज्यसभेत काही सदस्य बाहेर गेले की बहुमताचा आकडाच खाली येतो. त्यामुळे बाहेर जाणे हीसुद्धा कधी कधी सरकारला मदत असते.

• भाषण आणि मत वेगळे आहे का? विधेयकावर टीका करून बाजूने मत देणारे खासदार दोन्ही सभागृहांत सापडतात. व्हिप मतावर असतो, भाषणावर तितका नाही. चर्चेचा शब्दशः वृत्तान्त संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर असतो. तुमच्या खासदाराला स्वतःला काय वाटते, हे कुठे सापडलेच तर तिथे सापडेल.